औषध दिलं की उतरतो, पुन्हा चढतो: लहान मुलाचा ताप घरी सांभाळताना

धनकवडीत राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, वजन १२ किलो. शुक्रवारी रात्री ताप आला, आज रविवारची रात्र. पॅरासिटामॉलचं सिरप दिलं की ताप १०० पर्यंत येतो आणि तीन-चार तासांत पुन्हा १०२-१०३. थोडी सर्दी आहे, खोकला नाही. जेवण जवळजवळ बंद, पण दूध-पाणी पिते. सासूबाई म्हणतात दाढा येताहेत, गुंडाळून झोपव. शेजारीण म्हणते दोन औषधं आलटूनपालटून दे. नवरा म्हणतो, मागच्या वेळचं अँटिबायोटिक फ्रिजमध्ये उरलंय, तेच सुरू करू. आईचं वाक्य असं आहे: "ताप उतरतच नाहीये, घरी किती थांबू?"

मी पुण्यात सव्वीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. हे वाक्य पावसाळ्यात मी रोज ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हीच दिलेल्या माहितीनुसार ताप उतरतो आहे, फक्त उतरलेला राहत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शरीरात जंतू शिरला की मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर नेतो, कारण वाढलेल्या तापमानात जंतूंशी झुंजणं शरीराला सोपं जातं. पॅरासिटामॉल चार ते सहा तास ती पातळी खाली आणतं. आजार तसाच असतो, त्यामुळे औषधाचा अंमल संपला की ताप परत येणारच. विषाणूच्या साध्या तापात हे तीन दिवस, कधी चार-पाच दिवसही चालतं. तेव्हा औषध लागू पडतंय की नाही, हे ताप परत आला का यावरून ठरवू नका. औषध दिल्यावर तासाभरात मूल थोडं मोकळं झालं का, ते बघा.

तुमचा खरा प्रश्न मला असा वाटतो: या तापात घरी सांभाळण्यासारखं काय आहे, आणि कोणत्या क्षणी चप्पल पायात घालून निघायचं? मी मुलीला पाहिलेलं नाही, त्यामुळे इथून निदान करणार नाही. मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर पुढचं काहीच त्याला लागू नाही. त्या वयात १००.४ ताप दिसला की रात्र असो वा दिवस, थेट हॉस्पिटल. जन्मतः हृदयाचा आजार, सिकल सेल हा रक्ताचा आजार, स्टेरॉइडचं औषध चालू असणं, लसी राहून गेलेल्या असणं, यांपैकी काही असेल तरी घरी थांबण्याची मुदत खूप कमी होते.

आता तुमच्या बाटलीकडे येते. तुम्ही दर वेळी ४ मिलि देता, बाटलीवर '५ मिलिमध्ये १२० मिग्रॅ' असं आहे, आणि हे माप मुलगी दहा महिन्यांची असताना चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं. तेव्हा तिचं वजन ८ किलो होतं. ४ मिलि म्हणजे ९६ मिग्रॅ, त्या वजनाला अगदी योग्य. पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिग्रॅ द्यायचं असतं. आज ती १२ किलोची आहे, म्हणजे तिला १२० ते १८० मिग्रॅ लागतं. याच सिरपचे ५ ते ७.५ मिलि. गेले दोन दिवस तुम्ही तिला दर किलोला ८ मिग्रॅ देताय. ताप १०० च्या खाली न येण्याचं आणि लवकर चढण्याचं एक कारण इथेच असण्याची दाट शक्यता आहे. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. मूल वाढतं, चिठ्ठीवरचं माप तेच राहतं.

याच्या उलटी चूक मात्र धोक्याची आहे. मेडिकलमधून पुढच्या वेळी तुम्हाला '५ मिलिमध्ये २५० मिग्रॅ'ची बाटली मिळाली आणि तुम्ही सवयीने ७.५ मिलि दिलं, तर ते ३७५ मिग्रॅ होतं, दुपटीहून जास्त. त्या बाटलीचं तिचं माप साधारण २.५ ते ३.५ मिलि. लहान बाळांचे थेंब तर याहून तीव्र असतात, १ मिलिमध्ये १०० मिग्रॅ. म्हणून दर वेळी बाटलीवरचा आकडा वाचा. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. दोन डोसांत शक्यतो सहा तास, अगदीच गरज पडली तर चार तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीच्या बऱ्याच सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन बाटल्या चालू असतील तर दोन्हींवरची नावं वाचा. जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं आणि सुरुवातीला त्याची काहीच लक्षणं दिसत नाहीत. औषध पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं उलटून पडलं तर पुन्हा द्या, त्यानंतर उलटी झाली तर देऊ नका. आणि मूल शांत झोपलं असेल तर ताप मोजायला किंवा औषध पाजायला उठवू नका.

शेजारणीच्या सल्ल्याबद्दल. आलटूनपालटून म्हणजे बहुधा आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड. ही औषधं वाईट नाहीत, मीही काही मुलांना देते. पण पुण्यात जुलै ते नोव्हेंबर या काळात, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत, मी ती घरी सुरू करू देत नाही. त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि डेंग्यूत नेमका तोच नको असतो. मूल पाणी कमी पीत असेल तर किडनीवरही ताण येतो. शिवाय रात्री दोन वाजता, झोपेत, आजी आणि आई आळीपाळीने जागत असताना दोन औषधांची वेळापत्रकं सांभाळली जात नाहीत. मी दुप्पट डोस झालेली मुलं पाहिली आहेत ती याच घरांतली. एकच औषध, योग्य मापात, एवढं पुरतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. आणि घरात मोठ्यांची निमेसुलाइडची गोळी असेल तर तिचा तुकडाही नाही, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते औषध आपल्या देशात २०११ पासून बंद आहे.

फ्रिजमधलं अँटिबायोटिक आजच ओतून टाका. पावडरीत पाणी घालून केलेली बहुतेक सिरपं आठवडा-दहा दिवसांत निकामी होतात. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. या वयातले बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यांवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. आणि उरलेल्या थोड्या मुलांत, ज्यांना खरंच जिवाणूंचा संसर्ग आहे, अर्धवट दिलेलं औषध पुरावा पुसून टाकतं. दोन डोस पोटात गेल्यावर रक्ताच्या किंवा लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, बऱ्याचदा जंतू उगवतच नाहीत. मग टायफॉइड आहे की लघवीचा संसर्ग, हे मला अंदाजाने ठरवावं लागतं.

सासूबाईंच्या दाढांबद्दल: या वयात मागच्या दाढा येतात हे खरं आहे. लाळ गळते, किरकिर होते, अंग किंचित कोमट लागतं. पण दाढांनी १०२-१०३ ताप येत नाही. तसं धरून चाललं की दुसरं कारण शोधायचं राहून जातं. गुंडाळण्याचं म्हणाल, तर ताप चढताना हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते, तेव्हा पातळ चादर घाला. थंडी गेली, अंग भाजायला लागलं, की एक सुती झबलं पुरे. स्वेटर, कानटोपी, दुलई यांनी उष्णता कोंडते. खिडकी थोडी उघडी, पंखा मंद, चालतो.

गार पाण्याच्या घड्यांनी कपाळ गार होतं आणि आईच्या हाताला काम मिळतं, याहून फार काही होत नाही. बर्फाच्या पाण्याने अंग पुसलं तर मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने उलट उष्णता वाढते. पुसायचंच असेल तर औषध दिल्यावर अर्ध्या तासाने, कोमट पाण्याने, मुलीला बरं वाटत असेल तरच. कोलन वॉटर नको. त्यात अल्कोहोल असतं, ते मुलाच्या कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं. अनेक आज्यांच्या कपाटात ती बाटली अजून आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक भीती असते, ताप डोक्यात जाईल ही. तुम्ही ती लिहिलेली नाही, पण दर दोन तासांनी थर्मामीटर लावताय त्यावरून मला ती दिसते. संसर्गाच्या १०३-१०४ तापाने मेंदूला इजा होत नाही. मेंदूज्वरात इजा होते ती त्या जंतूंमुळे, आकड्यामुळे नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना, शंभरात दोन ते पाच जणांना, तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण एकदा येऊन पाच मिनिटांच्या आत थांबलेल्या साध्या आकडीने मेंदूवर परिणाम राहत नाही. तशी वेळ आली तर मुलीला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून पुन्हा आली, तर १०८. थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. आणि ताप उतरवण्याचं औषध ठासून दिल्याने आकडी टळते असं नाही, तेव्हा त्या भीतीपोटी डोस वाढवू नका.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्यानंतर शाळा बंद झाल्या, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या महिन्यात माझ्या दवाखान्यात दिवसभर तापाची मुलं येत आणि प्रत्येक आईच्या हातात आकडा लिहिलेला कागद असे. त्या गर्दीत मी एक सवय लावून घेतली, ती आजही मोडलेली नाही. मी आधी कागद बघत नाही. मी विचारते, ताप उतरलेला असताना ही काय करते? १०४ ताप असलेलं मूल, औषधानंतर तासाभराने माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत असेल तर मला थोडी उसंत असते. १०१ ताप असलेलं मूल आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं असेल, नजर लावत नसेल, ताप उतरल्यावरही तसंच मलूल असेल, तर मी खुर्चीवरून उठते.

म्हणून थर्मामीटर दिवसातून चार वेळा पुरे. डिजिटल थर्मामीटर, काखेत, हात छातीशी दाबून, बीप वाजेपर्यंत. दुलईतून काढल्या काढल्या किंवा आंघोळीनंतर लगेच मोजू नका. कपाळासमोर धरायच्या बंदुकीवर फार विसंबू नका. राहिलेलं लक्ष पुढच्या गोष्टींकडे द्या.

शू. सहा-आठ तासांत एकदा तरी व्हायला हवी. डायपर घालत असाल तर ताप असेपर्यंत काढून ठेवा, म्हणजे मोजता येईल. जेवण दोन-चार दिवस कमी झालं तर काही बिघडत नाही, तोंडाला चव नसते. आग्रह करून भरवू नका, उलटी होईल. पाणी मात्र गेलं पाहिजे. भाताची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, शहाळं, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, दर दहा मिनिटांनी दोन-चार चमचे. मेतकूट घातलेला गुरगुट्या भात घेतला तर उत्तम. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस, आणि तोही पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच. अर्ध्या पेल्यात चिमूटभर घालून नाही. खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

श्वास. ताप उतरलेला असताना, ती झोपलेली असताना, पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, पोट उडत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर ती सर्दी राहिलेली नाही, लगेच दाखवा.

अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबा. दाबूनही ठिपके पुसट होत नसतील तर सकाळची वाट बघू नका. मान ताठ होणं, जाग न येणं, सतत उलट्या, पोट खूप दुखणं, हिरड्या-नाकातून रक्त, ताप उतरलेला असतानाही हातपाय गार आणि फिकट, पाणी न पिणं, यांपैकी एकही असेल तरी हेच.

आता दिवसांचा हिशेब. घरोघरी "आज तिसरा दिवस" असं म्हणतात तेव्हा कधी दोन रात्री झालेल्या असतात, कधी चार. म्हणून तास मोजा. तुमचा ताप शुक्रवारी रात्री सुरू झाला, सोमवारी रात्री ७२ तास होतील. वरची धोक्याची लक्षणं नसतील तर आजची रात्र घरी काढायला हरकत नाही, पण उद्या सोमवारी दिवसा डॉक्टरांना दाखवाच, ताप थोडा कमी वाटला तरी. दिवसा अशासाठी की तपासण्या लागल्या तर प्रयोगशाळा उघड्या असतात.

उद्या काय निघू शकेल? घसा, कान, छाती तपासून बहुतेकदा काहीतरी सापडतं. सापडलं नाही तर मी पहिल्यांदा लघवी तपासायला सांगते. या आग्रहामागे माझी एक चूक आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दीड वर्षाच्या एका मुलीला मी सहा दिवस विषाणूचा ताप म्हणत राहिले. सर्दी होती, म्हणून समाधान झालं होतं. सातव्या दिवशी लघवी तपासली तर संसर्ग होता आणि तो किडनीपर्यंत गेला होता. ती बरी झाली, पण ते दिवस मी विसरलेले नाही. लहान मुली "शूला जळजळते" असं सांगत नाहीत, त्यांना फक्त ताप येतो. नमुना घेताना जागा पाण्याने स्वच्छ धुवून, पहिली धार सोडून, निर्जंतुक डबीत धरायचा. डायपर पिळून नाही.

पावसाळ्यात डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते, सोबत रक्तपेशी मोजणारा साधा सीबीसी. मलेरियाची तपासणीही लागू शकते. टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या आठवड्यात रक्ताचं कल्चर करायला हवं, विडाल ही टायफॉइडची दुसरी रक्ततपासणी तेव्हा फार काही सांगत नाही. फ्लू असेल तर त्याचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करतं, म्हणून घरात कुणाला आधीच फ्लू झाला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

डेंग्यूबद्दल एक गोष्ट प्रत्येक आईला माहीत असायला हवी. डेंग्यूत धोका ताप असताना कमी आणि ताप उतरल्यावर जास्त असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप अचानक जातो, घर निर्धास्त होतं, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपून मूल कोसळू शकतं. सिंहगड रोडवरून आलेल्या एका चार वर्षांच्या मुलाचे वडील मला म्हणाले होते, "ताप गेला म्हणून कामावर गेलो, संध्याकाळी घरी आलो तर पाय बर्फासारखे." तो वाचला, कारण ते तसेच त्याला घेऊन निघाले. ताप गेला आणि मूल खेळायला, खायला लागलं, तर छान. ताप गेला आणि मूल अधिकच मलूल झालं, पोट दुखतंय म्हणालं, शू कमी झाली, तर पळा. प्लेटलेटच्या आकड्यासाठी पपईच्या पानांचा रस पाजू नका. कडू रसाने उलट्या होतात आणि आधीच कमी पडणारं पाणी आणखी जातं.

ताप जाताना छाती-पोटावर गुलाबी पुरळ आलं आणि मूल हसतं-खेळतं असेल, तर तो बहुधा मुख्यतः दोन वर्षांखालच्या मुलांना होणारा, आपोआप बरा होणारा रोझिओला असतो. पण ताप पाच दिवस ओलांडून चालूच राहिला आणि सोबत डोळे लाल, ओठ लाल-फुटलेले, मानेत गाठ, तळवे सुजलेले असं काही दिसलं, तर कावासाकी आजाराचा विचार करावाच लागतो. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली त्याचं वर्णन केलं. उपचार दहा दिवसांच्या आत सुरू झाले तर हृदयाच्या रक्तवाहिन्या बहुतेकदा वाचतात. म्हणून पाच दिवसांचा ताप मी कुणालाही "व्हायरल आहे, जाईल" म्हणून परत पाठवत नाही.

आज रात्री एवढंच करा. घरात २५० ची बाटली नाही ना, हे बघून मगच सध्याच्या सिरपचं ६ मिलि मोजून द्या, मागच्या डोसाला सहा तास झाले असतील तर. अंगात पातळ झबलं, उशाशी पाणी. एका वहीत वेळ, ताप, औषध किती मिलि, शू आणि पाणी असं लिहीत जा, जो जागा असेल त्याने लिहायचं. उद्या निघताना ती वही आणि औषधाची बाटली, दोन्ही पिशवीत टाका. दवाखान्यात तिचं वजन पुन्हा करून घ्या, नवं माप विचारा आणि घरी आल्यावर तारखेसकट बाटलीवरच पेनाने लिहून ठेवा.